नजर जिथे थबकते: ब्रेनस्पॉटिंगचा उपचार घेताना

जुनी दुखरी गोष्ट सांगताना माणूस सहसा समोरच्याच्या डोळ्यांत पाहत नाही. तो खिडकीच्या गजाकडे, फरशीच्या भेगेकडे किंवा छताच्या एखाद्या कोपऱ्याकडे पाहत बोलत राहतो आणि आपण म्हणतो, की तो शून्यात नजर लावून बसला आहे. ही नजर कुठे थबकते याला अर्थ असतो, असे मानून तिथूनच आघाताच्या आठवणीवर काम करणारी उपचारपद्धती म्हणजे ब्रेनस्पॉटिंग. हा उपचार घ्यावा की नाही, घ्यायचा तर कोणाकडे, आणि खोलीत प्रत्यक्ष काय घडते, हे समजून घेऊन मगच पाऊल टाकावे.

न्यूयॉर्कचे थेरपिस्ट डेव्हिड ग्रँड यांनी 2003 साली ही पद्धत मांडली. ते त्याआधी ईएमडीआर या उपचाराचे काम करत होते, ज्यात थेरपिस्टच्या हालत्या बोटांबरोबर डोळे डावीउजवीकडे फिरवले जातात. बर्फावर स्केटिंग करणाऱ्या एका तरुणीला एक विशिष्ट उडी काही केल्या जमत नव्हती. तिच्यासमोर हात फिरवताना एका जागी तिचे डोळे किंचित थरथरले. ग्रँड यांनी हात तिथेच थांबवला, आणि पूर्वी कधी न निघालेल्या आठवणी तिच्या बोलण्यात येऊ लागल्या. डोळे फिरवत राहण्याऐवजी एका बिंदूवर थांबायचे, हा या पद्धतीचा गाभा त्या बैठकीतून आला.

असे का होत असावे, याचे ग्रँड आणि मानसोपचारतज्ज्ञ फ्रँक कॉरिगन यांनी सुचवलेले स्पष्टीकरण मध्यमेंदूशी जोडलेले आहे. आवाज झाला की विचार करण्याआधीच आपली मान आणि नजर तिकडे वळते. ते वळवणारा भाग आणि भीतीने गोठून जाण्याची प्रतिक्रिया घडवणारा भाग मेंदूत एकमेकांच्या अगदी जवळ आहेत. मात्र हे गृहीतक आहे, सिद्ध झालेली गोष्ट नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेने 2013 च्या मार्गदर्शक सूचनांत आघातोत्तर तणावासाठी ईएमडीआर आणि आघातकेंद्री सीबीटी (आघाताशी जोडलेले विचार आणि वागणूक बदलण्यावर काम करणारा संवादातून होणारा उपचार) यांची शिफारस केली. ब्रेनस्पॉटिंगच्या बाजूने मात्र अजून थोडे आणि लहान अभ्यासच आहेत. त्यामुळे त्रास तीव्र असेल, तर आधी त्या दोन उपचारांची चौकशी करावी आणि ते मानवले नाहीत किंवा आघाताबद्दल सविस्तर बोलणेच नको वाटत असेल, तर इकडे वळावे, असे माझे मत आहे. 'एका बैठकीत जन्मभराचा आघात नाहीसा' अशी जाहिरात करणाऱ्याकडे मात्र अजिबात जाऊ नये.

थेरपिस्ट निवडताना ब्रेनस्पॉटिंगचे प्रमाणपत्र ही दुसरी गोष्ट. मूळ शिक्षण आणि अनुभव ही पहिली. या पद्धतीच्या प्रशिक्षणाचा पहिला टप्पा साधारण तीन दिवसांचा असतो, आणि तीन दिवसांत कोणी मानसतज्ज्ञ होत नाही. भारतात चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते. ती आहे का, हे फोनवरच विचारावे. बैठकीत मी घाबरून गोठलो तर तुम्ही काय कराल, हेही विचारावे. या प्रश्नाला शांतपणे, तपशिलात उत्तर देणारा माणूस बहुधा योग्य असतो. आत्महत्येचे विचार येत असतील, भास होत असतील, फिट येत असतील किंवा मधले तासन्‌तास आठवणीतून पुसले जात असतील, तर आधी मानसोपचारतज्ज्ञांना भेटावे आणि चालू औषधे स्वतःच्या मनाने बंद करू नयेत. रात्रीअपरात्री असह्य झाले, तर टेलि-मानसची 14416 ही सरकारी मोफत मदतवाहिनी चोवीस तास सुरू असते.

आता प्रत्यक्ष बैठक. समजा, घाटात झालेल्या अपघातानंतर एका बाईंना दोन वर्षे झाली तरी वळणावर बस कलली की घाम फुटतो. थेरपिस्ट त्यांना पूर्ण हकिगत सांगायला लावत नाही. आत्ता त्या वळणाचा विचार केला तर त्रास शून्य ते दहामध्ये किती आहे आणि तो शरीरात कुठे जाणवतो, एवढेच विचारतो. इथे मराठी माणसाची सोय आहे. पोटात गोळा येणे, छातीत धस्स होणे, घशाला कोरड पडणे, हातापायांतले त्राण जाणे: भीतीची जागा आपल्या भाषेने आधीच शरीरात दाखवून ठेवली आहे. म्हणून शक्य असेल तर हा उपचार मराठीतच घ्यावा. 'मला अँग्झायटी आहे' या वाक्यापेक्षा 'बेंबीच्या वर गोळा येतो' हे वाक्य थेरपिस्टच्या अधिक कामाचे.

बाईंनी आकडा सांगितला आठ, जागा सांगितली पोट. मग थेरपिस्ट शाळेतल्या नकाशाच्या छडीसारखा लांब होणारा पॉइंटर त्यांच्या डोळ्यांच्या पातळीवर धरून डावीकडून उजवीकडे अगदी सावकाश सरकवतो. बाईंनी डोके स्थिर ठेवून नजरेने टोकाचा माग घ्यायचा आणि गोळा कुठे घट्ट होतो ते सांगायचे. त्याच रेषेत पॉइंटर वर आणि खाली नेऊन पाहिला जातो. दुसऱ्या रीतीत बाई काहीच सांगत नाहीत. थेरपिस्ट त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत असतो आणि पापणी फडफडली, आवंढा गिळला गेला, श्वास अडला की पॉइंटर तिथे थांबवतो. तिसरी रीत सर्वांत साधी: बोलताना नजर आपोआप जिथे जाऊन बसली असेल, तीच जागा धरायची. 'माझा बिंदू चुकला तर?' ही शंका बहुतेकांना येते. थोडे इकडेतिकडे झाल्याने बिघडत नाही. उपचार अचूक बिंदूपेक्षा सोबत बसलेल्या माणसाच्या लक्षपूर्वक शांततेवर अधिक चालतो, असे मला वाटते.

बिंदू सापडला की नजर तिथे ठेवून आत जे येईल ते येऊ द्यायचे. अनेकदा हेडफोनमधून एका कानातून दुसऱ्या कानात सरकणारा मंद आवाज लावलेला असतो. अपघाताऐवजी शाळेतला एखादा प्रसंग, आजोळच्या घराचा वास किंवा नुसतीच जांभई आली तरी ती अडवू नये. रडू आले तर रडावे, आणि बोलायचे नसेल तर दहा मिनिटे गप्प राहिले तरी चालते. हठयोगातल्या त्राटकाशी याची गल्लत करू नये: तिथे डोळ्यांत पाणी येईपर्यंत न मिटता पाहायचे असते, इथे पापण्या हव्या तेव्हा मिटायच्या. नजर ढळली तर परत आणायची, इतकेच. शेवटी आकडा पुन्हा विचारला जातो. तो शून्यावर आला असेल, तर लिंबू पुन्हा पिळून पाहावे तसा तोच प्रसंग मुद्दाम आठवून त्रास उरला आहे का, ते तपासतात. पहिल्याच दिवशी आठाचे पाच झाले तरी ठीक समजावे.

बैठकीनंतर लगेच स्वतः गाडी चालवू नये. घरी येऊन साधे जेवण, भरपूर पाणी आणि लवकर झोप पुरते. पुढचे एकदोन दिवस विचित्र स्वप्ने पडू शकतात, क्षुल्लक गोष्टीवरून चिडचिड होऊ शकते. घरच्यांना तशी कल्पना देऊन ठेवली, तर 'काय झालंय तुला?' हा प्रश्न टळतो. चार दिवसांनंतरही त्रास वाढतच असेल, तर पुढच्या वेळेची वाट न पाहता थेरपिस्टला कळवावे.

घरी एकट्याने आघाताचा बिंदू शोधू नये. दार उघडते, पण ते लोटायला शेजारी कोणी नसते. करायचेच असेल, तर उलट्या बाजूचे काम करावे: भिंतीसमोर टेकून बसावे, शरीरातली शांत वाटणारी एखादी जागा शोधावी (बऱ्याच जणांना ती तळपायांत सापडते) आणि नजर सावकाश फिरवत ती शांतता जिथे थोडी वाढते, तिथे पाचेक मिनिटे थांबावे. तिथे कॅलेंडरचा खिळा असो वा पडद्याची किनार, तोच तुमचा आधारबिंदू. मध्येच छाती भरून आली, तर नजर तत्काळ काढून घ्यावी, खोलीतल्या पाच वस्तूंची नावे मोठ्याने घ्यावीत, उठून तोंडावर पाणी मारावे, आणि हे कोणत्या बिंदूवर, किती वेळाने झाले, ते वहीत लिहून पुढच्या बैठकीला सोबत न्यावे.