भेंडीचा पहिला तोडा येण्याआधी: किडींच्या बंदोबस्ताची तयारी

उन्हाळी भेंडीची पेरणी पुण्याच्या आसपास जानेवारीच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंत उरकते. किडीची तयारी मात्र त्याच्या बरीच आधी लागते. रासायनिक औषध दुकानातून तासाभरात आणता येतं. दशपर्णी अर्क, म्हणजे दहा झाडांच्या पाल्याचा अर्क, मुरायला महिना जातो, आणि निंबोळ्या तर पावसाळ्यातच गोळा करून, गर काढून, सावलीत वाळवलेल्या हव्यात. नसतील तर अझाडिरॅक्टिनचं, म्हणजे निंबोळीतल्याच कीडरोधक घटकाचं, तयार औषध घ्या, पण डब्यावरचं पीपीएम (त्या घटकाचं प्रमाण) आणि मुदत वाचूनच.

सगळ्यात आधी कॅलेंडर पुढ्यात घ्या. पेरणीपासून साधारण दीड महिन्याने पहिला तोडा येतो आणि मग दिवसाआड भेंडी तोडावीच लागते, नाहीतर ती जून होते. आता रासायनिक कीटकनाशकांच्या डब्यांवरचं लेबल पाहा. भेंडीवर इमिडाक्लोप्रिड फवारल्यावर तोडणीपूर्वी ३ दिवस थांबायचं, इमामेक्टिन बेंझोएट किंवा क्लोरँट्रानिलीप्रोलनंतर ५ दिवस. दिवसाआडच्या तोड्यात हे बसत नाही. एक तर मधले तोडे टाकून द्यायचे, नाहीतर औषधासकट माल मार्केट यार्डात जायचा. भेंडी कोणी सोलून खात नाही. म्हणून माझं ठाम मत आहे: रासायनिक औषधाची जागा फुलं येण्याआधी, तोडा सुरू झाला की भर निंबोळीवर आणि सापळ्यांवर. त्यानंतरही रासायनिक फवारायची वेळ आलीच, तर थांबायच्या दिवसांतली भेंडी तोडून नष्ट करायची, हा खर्च आधीच हिशेबात धरा.

बियाणं घेताना केवडा, म्हणजे पानं पिवळी पाडणारा विषाणूजन्य रोग, डोळ्यांपुढे ठेवा. तो विषाणू पांढरी माशी पसरवते आणि पिवळ्या पडलेल्या झाडाला कोणतंच औषध बरं करत नाही, ते उपटायचंच. परभणी क्रांती, अर्का अनामिका हे वाण या रोगाला तोंड देण्यासाठीच काढले गेले. बियाण्याला आधीच कीटकनाशक चोळलंय का, हे पाकिटावर तपासा. अशी बीजप्रक्रिया कोवळ्या रोपाला पहिले काही आठवडे तुडतुडे, मावा आणि पांढऱ्या माशीपासून सांभाळते, म्हणजे सुरुवातीची फवारणी वाचते.

पिवळे चिकट सापळे उगवणीबरोबरच लावा. फळ पोखरणाऱ्या अळीसाठी एकरी ५ कामगंध सापळे (मादीच्या वासाने नर पतंगांना ओढणारे) पुरतात, पण आतली वासाची गोळी ठिपक्यांच्या बोंडअळीची, म्हणजे इअरिअस व्हिटेलाची, मागून घ्या. हरभऱ्यावरच्या घाटेअळीची गोळी इथे उपयोगाची नाही. आठवड्यातून दोनदा पानं उलटून पाहा. मान टाकलेला शेंडा दिसला की आत अळी आहे असं समजा, शेंडा खुडून नष्ट करा.

पाच टक्क्यांच्या अर्कासाठी ५ किलो वाळलेल्या निंबोळ्या कुटून रात्रभर पाण्यात भिजवा, सकाळी फडक्याने गाळा, २०० ग्रॅम साबणाचा चुरा विरघळवा आणि एकूण १०० लिटर पाणी करा. त्याच दिवशी संध्याकाळी फवारा, कारण उन्हात त्याचा गुण लवकर जातो. निंबोळीने कीड पटकन मरत नाही. तिचं खाणं सुटतं, कात टाकणं बिघडतं. म्हणून कीड थोडी असतानाच सुरुवात हवी. तुडतुड्यांनी पानांच्या कडा करपवल्यावर फक्त अर्कावर विसंबू नका; फुलं अजून आलेली नसतील तर भेंडीसाठी शिफारस असलेलं एक रासायनिक औषध एकदा मारा, दुसऱ्यांदा वेगळ्या रासायनिक गटातलं घ्या. सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातली कीटकनाशकं (उदा. सायपरमेथ्रिन) शक्यतो टाळा: मित्रकीटक मरतात आणि एप्रिलच्या उन्हात लाल कोळी, पांढरी माशी उसळतात. मोनोक्रोटोफॉस या जहाल कीटकनाशकाला तर भाजीपाल्यावर २००५ पासून बंदी आहे, कोणी कितीही आग्रह केला तरी हात लावू नका.

नैसर्गिक म्हणजे निर्धोक, असंही धरू नका. तंबाखूच्या काढ्यातलं निकोटिन माणसाला जबर विषारी असतं. मी तो भाजीवर मारा असं कोणालाही सांगणार नाही. बिव्हेरिया, व्हर्टिसिलियम या कीड मारणाऱ्या बुरशा चांगल्या, पण त्यांना दमट हवा लागते. पुण्याच्या कोरड्या मार्च-एप्रिलपेक्षा त्या खरिपाच्या भेंडीला ठेवा, आणि बुरशीनाशकात मिसळू नका.

पंप दोन हवेत. तणनाशकाचा वेगळाच, कारण २,४-डीचा अंश राहिलेल्या पंपानेही भेंडीची पानं वाकडी होतात. हातमोजे, मास्क, चष्मा, पूर्ण बाह्यांचा सदरा आणि साबण-पाणी आधी बांधावर येऊ द्या, मग डबा उघडा. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारताना झालेल्या विषबाधेत शेतकरी-शेतमजुरांचे जीव गेले, हे विसरू नये. पक्क्या बिलाशिवाय औषध घेऊ नका. कीड ओळखता आली नाही तर पान पिशवीत घालून नारायणगाव किंवा बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्रात दाखवा.

शेवटी एक वही आणि थोडं लाल फडकं. वहीत फवारणीची तारीख, औषध आणि तोडा पुन्हा कधी सुरू करायचा ती तारीख लिहा. फडकं फवारलेल्या सऱ्यांच्या टोकाला बांधा. तोडणीला येणाऱ्या बायकांना फवारणी कधी झाली हे माहीत नसतं, म्हणून आदल्या संध्याकाळीच त्यांना सांगून ठेवा.