वर्डलमध्ये या चुका टाळा: चार अक्षरं जुळूनही डाव का जातो

वर्डल म्हणजे पाच अक्षरी इंग्रजी शब्द सहा प्रयत्नांत ओळखण्याचा ऑनलाइन खेळ. अक्षर योग्य जागी बसलं तर घर हिरवं, शब्दात असून जागा चुकली तर पिवळं, शब्दात नसेल तर राखाडी. पाचपैकी चार घरं हिरवी, पहिलं तेवढं मोकळं. अशा वेळी वाटतं, आता जिंकलोच. आणि माझे सगळ्यात जास्त डाव गेलेत ते नेमके इथेच.

समजा, दुसऱ्याच प्रयत्नात शेवटची चार अक्षरं सापडली: ए-टी-सी-एच. आता पुढे काय लागेल? बॅच, कॅच, हॅच, लॅच, मॅच, पॅच, वॉच. रोजच्या वापरातले सात शब्द, आणि सहापैकी प्रयत्न उरले चार. एकेक लावत बसलात तर सगळं नशिबावर. त्यापेक्षा एक प्रयत्न मुद्दाम खर्ची घाला आणि ब्लिम्प लिहा, म्हणजे बी-एल-आय-एम-पी. हे उत्तर असूच शकत नाही, हे आपल्याला ठाऊक आहे. पण बी, एल, एम आणि पी या चौघांची झडती एका फटक्यात होते. यातलं एक जरी रंगलं तरी उत्तर मिळालं. सगळी राखाडी राहिली तर उरले कॅच, हॅच आणि वॉच. प्रयत्नही तीनच उरलेत. म्हणजे डाव जाण्याचा प्रश्नच नाही! ब्लिम्प म्हणजे आत सांगाडा नसलेलं, हलका वायू भरून तरंगणारं हवाई जहाज. एकदा अर्थ कळला की शब्द वेळेला आठवतो.

हार्ड मोड सुरू असेल तर मात्र ही युक्ती चालत नाही, कारण तिथे सापडलेली अक्षरं पुढच्या प्रत्येक शब्दात वापरावीच लागतात. तिथे आधीच सावध राहायचं. आय-जी-एच-टी किंवा ओ-यू-एन-डी असा शेवट पक्का करण्याची घाई नको, त्याआधी एल, एम, एस, आर, एफ ही सुरुवातीची अक्षरं तपासून घ्यावीत.

दुसरी चूक दुहेरी अक्षराची. माझी आत्या सत्तरीची, रोज सकाळी चहाबरोबर वर्डल सोडवते. एकदा तिने स्पीड लिहिलं: एस-पी-ई-ई-डी. पहिला ई पिवळा झाला, दुसरा राखाडी. "अरे, हा खेळ बिघडलाय. ई आहे पण म्हणतो आणि नाही पण म्हणतो," असं म्हणत तिने फोन माझ्यापुढे धरला. खेळ ठीक होता. उत्तर होतं अबाइड, ए-बी-आय-डी-ई. त्यात ई एकच आहे. एका ईला पिवळा रंग मिळाला, दुसऱ्यासाठी शिल्लक काही नाही, म्हणून तो राखाडी. तेव्हा एकच अक्षर दोनदा लिहिलं आणि एक रंगलं, दुसरं राखाडी राहिलं तर त्याचा अर्थ 'हे अक्षर आहे, पण एकदाच' एवढाच घ्यायचा. अनेकजण राखाडी पाहून ई पूर्ण काढून टाकतात आणि मग उत्तर सापडतच नाही. अबाइड म्हणजे नियम पाळणं किंवा एखादी गोष्ट सहन करणं.

आता आपली, मराठी बोलणाऱ्यांची खास अडचण. आपण कानाने शब्द शोधतो, कारण देवनागरीत बहुतेक जसं बोलतो तसंच लिहितो. इंग्रजीत तसं नाही. राँगच्या सुरुवातीला डब्ल्यू, थमच्या शेवटी बी, नाइफच्या आधी के. साम म्हणजे स्तोत्र, आणि लिहायचं पी-एस-ए-एल-एम. एकत्र वाजणाऱ्या सुरांच्या कॉर्डमध्ये एच लपलेला असतो, म्हणून तो पाच घरांत बसतो. साध्या दोरीचा कॉर्ड चारच अक्षरांचा. रात्रीचा नाइट चालतो, पण घोड्यावरच्या सरदाराच्या नाइटला के धरून सहा अक्षरं लागतात. शब्द सुचला की आधी कागदावर किंवा बोटांवर त्याची अक्षरं मोजा.

ए, ई, आय, ओ, यू यातलं काहीच रंगलं नाही की लोक हताश होतात. अशा वेळी वाय आठवावा. निम्फ म्हणजे निसर्गदेवता, शिवाय किड्याची पूर्ण वाढ होण्याआधीची अवस्था. क्रिप्ट म्हणजे चर्चखालचं तळघर, जिथे मृतांना पुरतात. मर, म्हणजे एम-वाय-आर-आर-एच, हा मराठी बायबलातला गंधरस.

स्पेलिंगचा घोळ वेगळाच. हा खेळ अमेरिकेत राहणाऱ्या जॉश वार्डल यांनी बनवला, तो ऑक्टोबर २०२१ मध्ये सगळ्यांसाठी खुला झाला आणि जानेवारी २०२२ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने विकत घेतला. स्पेलिंग अमेरिकन. आपण शाळेत शिकलो ब्रिटिश. आपला फेव्हर, ह्यूमर, कलर सहा अक्षरांचा, त्यांचा यू गाळून पाचाचा. जानेवारी २०२२ मध्ये पाच अक्षरी फेव्हर उत्तर म्हणून आला तेव्हा ब्रिटनमधले खेळाडू चांगलेच चिडले होते. फायबर, मीटर, लिटर यांत तर अक्षरं तीच आणि तेवढीच, फक्त आपला शेवट आर-ई आणि त्यांचा ई-आर. त्याच वर्षी मे महिन्यात होमर आला. बेसबॉलमधला होम रन, आपल्या षटकारासारखा. अमेरिकेबाहेर हा शब्द कोणाला माहीत? इतक्या लोकांनी तो शोधला की केंब्रिज डिक्शनरीचा २०२२ चा 'वर्षाचा शब्द' होमर ठरला.

फार अवघड, अडगळीतले शब्द लावत बसू नका. वार्डल यांच्या जोडीदार पलक शाह यांनी सुमारे १२,००० शब्दांतून ओळखीचे तेवढे वेचले, आणि मूळ यादीत उत्तरं म्हणून २,३०० च्या आसपासच शब्द उरले. नुसता एस जोडून झालेली अनेकवचनंही, बुक्ससारखी, सहसा उत्तर नसतात.

राहिली अर्थ न पाहण्याची चूक. मला हीही महागात पडली. ओ-यू-एन-डीचं कुटुंब बघा. हाउंड म्हणजे शिकारी कुत्रा, आणि एखाद्याच्या हात धुऊन मागे लागणंही. माउंड म्हणजे ढिगारा. फाउंड म्हणजे सापडलं, पण संस्था स्थापन करणं हाही फाउंडच. पाउंड हे ब्रिटनचं चलन, वजनाचं माप, खलबत्त्यात कुटणं आणि मोकाट जनावरांचा कोंडवाडासुद्धा. आत्या हे सगळं एका वहीत शेवटच्या अक्षरांनुसार लिहून ठेवते. डब्ल्यू-ओ-यू-एन-डी तिच्या वहीत दोन ओळींत आहे: एकीकडे वूंड, जखम. दुसरीकडे वाउंड, घड्याळाला किल्ली दिली.