काळ्या बॉनेटवरची ओरखड्यांची जाळी कंपाउंडने काढली

सोसायटीत रोज पहाटे गाडी कोरड्या फडक्याने पुसली जाते. काळ्या रंगावर त्याचा हिशेब उन्हात दिसतो: बॉनेटभर कोळिष्टकासारखे बारीक गोल ओरखडे.

आधी नख फिरवलं. नख अडकलं तर कंपाउंडच्या (रंग घासून गुळगुळीत करणाऱ्या पेस्टच्या) नादी लागू नये, ओरखडा खोल असतो. माझं अडकलं नाही. कंपाउंड ओरखडा भरत नाही (दुकानदार काहीही सांगोत), भोवतीचा क्लिअर कोट (रंगावरचा पारदर्शक थर) घासून पातळी सारखी करतं. तो थर जेमतेम 40-50 मायक्रॉनचा, त्यामुळे जितकं कमी घासाल तितकं बरं.

गाडी धुऊन क्ले बार (चिकटलेली घाण ओढून काढणारा मऊ मातीसारखा गोळा) फिरवला, हाताला लागणारी खरखर गेली. प्लास्टिकला आणि बॉनेटच्या कडांना मास्किंग टेप लावली. कडांवर थर सगळ्यात पातळ असतो.

काम सावलीत, पत्रा गार असताना केलं. फोम पॅडवर कंपाउंडचे वाटाण्याएवढे तीन-चार थेंब, एका वेळी दीड-दोन फुटांचा चौकोन. ड्युअल अ‍ॅक्शन पॉलिशर (गोल फिरता फिरता हेलकावणारं घासायचं मशीन) आधी हळू, मग वेग वाढवून आडवा-उभा. मायक्रोफायबरने पुसून मोबाइलचा टॉर्च तिरका धरला. जाळी गायब, पण रंग किंचित धुरकट. काळ्यावर हे होतंच. पॅड बदलून बारीक पॉलिश मारल्यावर ट्यूबलाइटचं प्रतिबिंब स्वच्छ दिसलं. वर वॅक्स.

दाराच्या हँडलमागे बोटांतल्या अंगठ्यांचे ओरखडे होते, तिथे हातानेच घासलं. अर्धे गेले, उरलेले राहू दिले.

गाडी पुसणाऱ्या काकांना आता मायक्रोफायबर देऊन ठेवलंय: "काका, आधी पाणी मारा, मगच पुसा."