बसलेल्या प्लँटेड टाकीची मांडणी बदलताना या चुका टाळा

चार वर्षं मुरलेली प्लँटेड टाकी होती, म्हणजे जिवंत पाणवनस्पती लावलेली माशांची टाकी. मागच्या कोपऱ्यातलं अ‍ॅमेझॉन स्वोर्ड हे रुंद पानांचं झाड इतकं माजलं होतं की त्याच्या सावलीत पुढचं सगळं खुरटलं होतं. दिवाळीच्या सुट्टीत निवांत वेळ मिळाला. मी हात आत घातला, बुंधा मुठीत धरला आणि ओढला. झाडाबरोबर ताटाएवढा तळ वर आला. मुळं टाकीच्या पार दुसऱ्या टोकापर्यंत गेलेली, त्यांना चिकटलेली काळी माती आणि सडक्या अंड्यांचा वास. दहा मिनिटांत पाणी काळ्या चहासारखं झालं. रात्री ते निवळलं तेव्हा मी समाधानाने झोपले. पहाटे सहापैकी चार कोरीडोरस, तळाशी राहणारे छोटे मासे, आडवे पडले होते.

ते चार मासे माझ्या हातून गेले, ही गोष्ट मी अजून विसरलेले नाही. पुढे नाशिकमधल्या इंदिरानगर, सिडको, गंगापूर रोड अशा ओळखीपाळखीच्या घरांतल्या टाक्या बघताना तीच चूक मला पुन्हा पुन्हा दिसली. आपण मांडणी बदलायला जातो ती दिवाणखान्यातलं कपाट सरकवावं तशी. टाकीचा जीव मात्र तळात आणि फिल्टरमध्ये असतो, आणि काचेबाहेरून तो दिसत नाही.

झाड ओढून काढणं

जुन्या तळात माशांची विष्ठा, सडलेली पानं आणि मुळांशी खोचलेल्या खताच्या गोळ्या साठलेल्या असतात. खोल थरात ऑक्सिजन पोहोचत नाही, म्हणून तिथे हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. तो सडका वास त्याचाच. वासाने आपण घाबरतो, पण ऑक्सिजन भरपूर असलेल्या पाण्यात हा वायू लवकर निष्प्रभ होतो. खरा घात करतो तो तळातून सुटलेला अमोनिया. त्यात उधळलेला गाळ कुजताना पाण्यातला ऑक्सिजन खातो. दिवे बंद झाल्यावर झाडंही ऑक्सिजन बनवणं थांबवून तो वापरायला लागतात, त्यामुळे पहाटे तो सगळ्यात कमी असतो. म्हणूनच संध्याकाळी ठीक दिसणारी टाकी सकाळी दगा देते.

स्वोर्ड किंवा जुनं क्रिप्ट (क्रिप्टोकोरिन ही पाणवनस्पती) काढायचं तर आधी बुंध्याभोवती चार बोटं अंतर सोडून लांब सुरीने गोल कापून घ्या. मग सायफनची नळी बुंध्याशी धरा आणि पाणी बादलीत पडत असतानाच झाड हळूहळू, डावीउजवीकडे हलवत वर घ्या. उठणारा गाळ टाकीत पसरण्याआधीच नळीतून बाहेर जातो. उरलेली लांब मुळं खोदून काढू नका, ती तळातच राहू द्या. स्वोर्डला दोन-तीन इंच मुळं ठेवून लावलं तरी ते नवी मुळं धरतं. गाळाचं पाणी परत टाकीत ओतू नका, कुंडीतल्या झाडांना घाला.

एका वेळी तळाच्या एक तृतीयांश भागालाच हात लावा. पुढच्या भागाला दोन आठवड्यांनी. धीर धरवत नाही हे मला माहीत आहे, पण नाश टाळायचा तर दुसरा मार्ग नाही. खाली अ‍ॅक्वासॉइल (झाडांसाठीची खतयुक्त माती) असेल तर आणखी जपा, कारण ती ढवळली की अमोनिया सोडते.

त्याच दिवशी फिल्टरही धुणं

‘एवीतेवी हात ओले झालेच आहेत’ म्हणून स्पंज नळाखाली धरणारे खूप आहेत. अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करणारे जिवाणू बहुतेक फिल्टरमध्येच असतात. तळ उकरला म्हणजे त्यांच्यावर कामाचा डोंगर पडलेला असतो. त्याच दिवशी क्लोरीनच्या पाण्याने त्यांना मारलं तर अमोनिया आवरायला कोणीच उरत नाही. मांडणीच्या आधी दोन आठवडे आणि नंतर दोन आठवडे फिल्टरला हात नको. प्रवाह फारच मंदावला तर टाकीतून काढलेल्या पाण्यात स्पंज दोनदा पिळा, बस. पाणी उपसताना फिल्टर टाकीतून काढावा लागला तर तो बादलीत टाकीच्या पाण्यात चालू ठेवा. वीज जाणार असल्याची सूचना आलेल्या दिवशी किंवा पाणीपुरवठा बंद असल्याच्या दिवशी हे काम काढूच नका.

नवं पाणी न तपासता भरणं

तीन बाय एक बाय दीड फुटाची टाकी काठोकाठ भरली तर साधारण १२७ लिटर होते. निम्मं पाणी बदलायचं म्हणजे चार-पाच बादल्या. गंगापूर धरणाचं पाणी शुद्ध होऊन नळाला येतं तेव्हा त्यात क्लोरीन असतंच, म्हणून क्लोरीन काढणारं अँटिक्लोरीन आधी बादलीत, पाणी नंतर टाकीत. डिसेंबर-जानेवारीत नाशिकचा पारा १० अंशांखाली उतरतो आणि गच्चीवरच्या टाकीतलं पाणी सकाळी बर्फासारखं लागतं. उन्हाळ्यात दुपारी तेच पाणी चटका देतं. बादलीत मनगट बुडवून अंदाज घेऊ नका, थर्मामीटर लावा. टाकीपेक्षा एक-दोन अंशांहून जास्त फरक नसावा.

हीटरचा प्लग पाणी उपसण्याआधी पंधरा-वीस मिनिटं काढून ठेवा. तापलेली काच उघडी पडली की तडकते. आणि टाकी सरकवायची असेल तर ती पूर्ण रिकामी करा, तळासकट. अर्धं पाणी ठेवून दोघांनी उचललेली टाकी त्या दिवशी गळत नाही, सिलिकॉनचा जोड नंतर सुटतो.

नदीचा गोटा, बागेतलं खोड

नवी मांडणी म्हटली की नवा दगड आणि नवं लाकूड आलंच. आपल्या भागाचा काळा बेसाल्ट टाकीसाठी उत्तम, पाण्यात काही सोडत नाही. पण याच बेसाल्टच्या पोकळ्यांमध्ये पांढरे, चमकदार स्फटिक भरलेले असतात. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात ज्यांनी असे दगड पाहिलेत त्यांना त्यांचं वैभव सांगायला नको. अडचण अशी की यात कॅल्साइट असेल तर ते पाण्याचा जडपणा आणि पीएच वाढवतं, आणि मऊ पाण्यातल्या टेट्रा माशांना नि क्रिप्टना ते मानवत नाही. साधी गारगोटी मात्र निर्धोक. दोन्ही दिसायला सारखी असली तरी गारगोटीने काचेवर ओरखडा उठतो, कॅल्साइटने उठत नाही. पांढऱ्या भागावर व्हिनेगरचे थेंब टाका आणि भिंगातून बघा. बुडबुडे आले तर तो दगड शोकेसमध्ये ठेवा. रामकुंडाच्या खालच्या पात्रातले गोटे उचलू नका, त्यांना साबण, तेल, कुंकू सगळं लागलेलं असतं.

द्राक्षाच्या खोडाबद्दल जरा जास्त सांगते, कारण हा मोह नाशिककरांनाच होतो. एप्रिलची खरड छाटणी किंवा ऑक्टोबरची फळछाटणी झाली की बांधावर वळणदार काड्यांचे ढीग लागतात. जुनी बाग तोडली तर पिळदार खोडं फुकट मिळतात, आणि दिसायला ती कुठल्याही महागड्या ड्रिफ्टवूडच्या तोडीची. पण द्राक्षवेलीवर केवडा या बुरशीरोगासाठी वर्षानुवर्षं बोर्डो मिश्रण फवारलेलं असतं, म्हणजे मोरचूद आणि चुना. मोरचुदातलं तांबं अगदी थोडं असलं तरी कोळंबी आणि गोगलगायींना मारतं. इतर कीटकनाशकं वेगळीच. शिवाय हे लाकूड मऊ, पाण्यात लवकर कुजतं आणि पुन्हा ऑक्सिजन खातं. माझ्या एका नातलगांच्या ओझरच्या बागेतलं फार सुंदर खोड मी आणलं होतं. ते आता गॅलरीत ऑर्किड बांधायला वापरलं आहे. टाकीत नाही.

दगड मांडताना तो रेतीवर ठेवू नका. आधी काचेवर, खाली पातळ फोम देऊन, आणि मग भोवती रेती. मासे रेती उकरतात आणि दगड काचेवर कलंडतो.

क्रिप्ट ‘मेलं’ म्हणून फेकून देणं

जागा बदलल्यावर आठवडाभरात क्रिप्टोकोरिनची पानं काचेसारखी पारदर्शक होतात, मग बुळबुळीत होऊन गळतात. हात लावला तर बोटांना शेंबडासारखं चिकटतं. बघवत नाही. पण तळात मुळं शाबूत असतात. गळकी पानं कात्रीने कापून लगेच बाहेर काढा, नाहीतर ती पाणी बिघडवतील, आणि मूळ जागचं हलवू नका. तीन-चार आठवड्यांत बारीक टोकदार पान वर येतं. माझं तपकिरी वेंडटी जातीचं क्रिप्ट असं दोनदा गळलं आणि दोन्ही वेळा आधीपेक्षा दाट आलं. पुन्हा पुन्हा उपटून ‘इथे नाही मानवलं, तिथे लावू’ केलं तर मात्र ते खरंच मरतं.

अ‍ॅन्युबियास आणि जावा फर्न या झाडांचं उलट आहे. त्यांचा जाड आडवा कंद रेतीत पुरला की सडतो. त्यांना दगडाला किंवा लाकडाला दोऱ्याने बांधा.

सकाळी मासे वर दिसले तर

गेल्या हिवाळ्यात ओळखीतल्या एका मुलाचा सकाळी साडेसहाला फोन आला. “मावशी, सगळे मासे वर येऊन तोंड उघडताहेत. दुकानदार म्हणतो निळं औषध टाक.”

“औषध अजिबात टाकू नकोस रे. काल तळ उकरलास का?”

“हो. तळावर पसरलेलं झाडांचं संपूर्ण कार्पेट काढलं.”

त्याला जे सांगितलं तेच इथे. झाडांसाठीचा सीओटू (कार्बन डायऑक्साइड) चालू असेल तर आधी तो बंद. फिल्टरचं तोंड पाण्याच्या पृष्ठभागाकडे वळवा म्हणजे लाटा उठतील, एअर पंप असेल तर लावा. मग अर्धं पाणी बदला, क्लोरीन काढून, तापमान जुळवून. दोन दिवस खाणं बंद. अमोनियाचं टेस्ट किट घरात असावंच. आकडा शून्याच्या वर असेपर्यंत रोज एक तृतीयांश पाणी बदला. बोअरचं पाणी वापरत असाल तर पीएचही मोजा, कारण पीएच ७ वरून ८ वर गेला की अमोनियाचा विषारी भाग साधारण दसपट होतो. निळं औषध, म्हणजे मिथिलीन ब्लू, झाडांना आणि फिल्टरच्या जिवाणूंना मारक आहे.

एखादा कोरीडोरस झटकन वर येऊन हवेचा घोट घेऊन खाली गेला तर घाबरू नका, ती त्यांची सवयच आहे. वरच तरंगत राहिला तर धावा.

त्या मुलाचे दोन गप्पी गेले. बाकीचे संध्याकाळपर्यंत खाली उतरले.

ढगाळ पाणी आणि शेवाळ

करडा ढग म्हणजे धूळ. फिल्टरमध्ये वूलचा (कापसासारख्या गाळणीचा) ताजा तुकडा ठेवा, एका दिवसात निवळेल. दुधाळ ढग म्हणजे जिवाणूंची वाढ. तो काही दिवसांत आपोआप जातो, फक्त अमोनिया तपासत राहा. पाणी हिरवं होत असेल तर प्रकाश जास्त आहे. झाडं छाटली, हलवली की त्यांची भूक मंदावते, आणि मोकळा राहिलेला प्रकाश नि खत शेवाळ खातं. म्हणून पहिले दोन आठवडे दिवा सहाच तास, द्रवखत निम्मं. नव्या पानांची टोकं दिसायला लागली की दर आठवड्याला अर्धा तास वाढवत न्या.