नवा पंप मागवायच्या आधी हे जवळ ठेवा

सेल्फ दणक्यात फिरतोय, गाडी मात्र चालू व्हायचं नाव नाही, आणि मेकॅनिक फोनवरूनच "पंप गेला" (म्हणजे टाकीतून इंजिनाला पेट्रोल ढकलणारा फ्युएल पंप) म्हणतोय, तर पैसे भरायच्या आधी पंपापर्यंत करंट पोचतोय का ते बघून घ्या.

गाडी उघड्यावर काढा, बेसमेंटमध्ये अजिबात नको, पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते आणि खालीच साचून राहते. पावडरचा अग्निशामक हाताशी ठेवा, काडीपेटी-सिगारेट लांब. घरातलं एक माणूस पकडून ठेवा, कारण चावी ऑन केली की ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) पंपाला जेमतेम दोन-तीन सेकंद करंट देतो आणि इंजिन फिरत नसेल तर तोडतो, तेवढ्यात पुढे चावी फिरवून मागच्या सीटखालच्या पंपाच्या वायरीपर्यंत आपण पोचणार कसे? डॅशबोर्डवरचा चावीचा दिवा लुकलुकत असेल तर आधी इमोबिलायझरचं (चावी ओळखली नाही तर गाडी चालू न होऊ देणारी यंत्रणा) बघा, बाकी नंतर.

त्याच गाडीचा वायरिंग डायग्राम मोबाईलमध्ये घेऊन ठेवा. बॅटरी 12.6 व्होल्टच्या आसपास हवी. पंपाचा फ्यूज बहुतेक 15 नाहीतर 20 अँपिअरचा असतो, तेवढ्याचेच दोन जादा आणा, नवाही लगेच उडाला तर कुठेतरी शॉर्ट आहे, म्हणून 30 चा ठोकायचा शहाणपणा नको. पंपाचा रिले (करंट चालू-बंद करणारा स्विच) तपासायला बऱ्याच गाड्यांत हॉर्नचा तसाच रिले सापडतो, वरचा नंबर जुळला तर अदलाबदल करून बघा.

आता खरी वस्तू म्हणजे हेडलाइटचा जुना 55 वॅटचा बल्ब, त्याला दोन लांब वायरी जोडून घ्या. मल्टीमीटर आहे की, असं म्हणाल, पण पंपाचा कपलर (वायरी जोडणारा प्लग) काढून नुसता मीटर लावला तर सडलेल्या वायरच्या एका तारेवरूनही तो 12 व्होल्ट दाखवतो. पंप ओढतो चार ते सात अँपिअर, तेवढा लोड पडला की तीच वायर हात वर करते, आणि हा बल्ब साधारण साडेचार ओढतो म्हणून तो लावायचा. मागच्या सीटखालच्या कपलरमध्ये बहुतेक दोन जाड वायरी पंपाच्या आणि बारीक वायरी पेट्रोल काट्याच्या असतात, चावी बंद ठेवून जाडवाल्यांनाच बल्ब जोडा, बल्ब दाराबाहेर ठेवा, तो भयंकर तापतो. काही नव्या गाड्यांत रिलेऐवजी पंप चालवणारं इलेक्ट्रॉनिक मॉड्युल असतं, तिथे हा प्रयोग नको.

मग द्या आवाज, "चावी फिरव!" बल्ब मिणमिणला तर तो पेटलेला असतानाच मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरी कपलरच्या अर्थ (निगेटिव्ह) वायरीला लावा, 0.2 व्होल्टच्या वर आलं तर अर्थ खराब. पावसाळ्यानंतर तिथे हिरवा गंज असतोच असतो, आणि उंदरांनी कुरतडलेली वायर सीटखाली हमखास बघा. बल्ब लख्ख पेटला आणि कपलर परत जोडूनही पंप गप्प, तर मात्र मेकॅनिक बरोबर होता, चॅसी नंबर देऊन पंप मागवा.