कॅन्टीनचं वीजकाम हाती घेताना: आधी जुना डीबी उघडा

कॅम्पसमधल्या भोजनगृहाच्या नूतनीकरणात वीजकाम माझ्याकडे आलं, तेव्हा पहिला आठवडा मी दिव्यांचे कॅटलॉग चाळण्यात घालवला. तो जुन्या डीबीसमोर, म्हणजे सगळी सर्किट जिथून फुटतात त्या वीज वितरणाच्या पेटीसमोर, घालवायला हवा होता.

जुन्या ड्रॉइंगवर विसंबू नका. मधल्या वर्षांत कुणी फ्रीज जोडलेला असतो, कुणी एक्झॉस्ट फॅन, आणि कागदावर त्याचा पत्ता नसतो. तिथल्या वायरमनला सोबत घ्या, एकेक एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) पाडून काय काय बंद होतं ते लिहून काढा. मग जेवणाच्या ऐन गर्दीत क्लॅम्प मीटर (वायरभोवती अडकवून करंट मोजायचं यंत्र) लावा. आम्ही तसं मोजलं तेव्हा वीजपुरवठ्याच्या तीन फेजांपैकी एका फेजवर बाकीच्यांच्या जवळपास दुप्पट करंट निघाला. भांडी धुण्याचं मशीन आणि अन्न गरम ठेवणारे काउंटर, सगळं त्याच फेजवर होतं.

उपकरणांची यादी पक्की होईपर्यंत केबल मागवू नका. १० किलोवॉटचा ओव्हन २३० व्होल्टच्या सिंगल फेजवर सुमारे ४३ अँपिअर घेतो, ४०० व्होल्टच्या थ्री फेजवर तोच दर फेजला साधारण साडेचौदा. मेनू बदलला की उपकरण बदलतं आणि तुमचं सगळं गणित फिरतं. किचनप्रमुखाशी रोज बोला, खरंच रोज.

फ्रीझरचं सर्किट मात्र वेगळं हवंच. अख्खं स्वयंपाकघर एकाच ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीवर (करंटची गळती ओळखून वीज तोडणाऱ्या स्विचवर) टाकलं, तर ओलसर हीटरची थोडी थोडी गळती एकत्र साठते, रात्री तो ट्रिप होतो आणि सकाळी फ्रीझरमधलं सगळं वितळलेलं सापडतं.

दिव्यांनी मला सर्वांत मोठा धडा दिला. ४० वॉटचे ४० एलईडी पॅनल, म्हणजे १६०० वॉट, जेमतेम ७ अँपिअर. म्हणून मी ते १० अँपिअरच्या एकाच बी-कर्व्ह, म्हणजे करंटच्या छोट्या उसळीलाही पडणाऱ्या, एमसीबीवर घेतले. मेन स्विच टाकला की एमसीबी पडायचा. चालू होताना प्रत्येक ड्रायव्हर (एलईडीला वीज पुरवणारा छोटा डबा) क्षणभर कितीतरी पट करंट ओढतो, आणि चाळीस जण एकदमच ओढतात. एका एमसीबीवर किती ड्रायव्हर चालतील ते डेटाशीटमध्ये लिहिलेलं असतं. मी ते पान उघडलंच नव्हतं. शेवटी सर्किट तीन केली, जास्त उसळी सोसणारे सी-कर्व्ह एमसीबी लावले.

प्रकाशाचं म्हणाल तर, युरोपच्या ईएन १२४६४-१ मानकात स्वयंपाकघराला ५०० लक्स (जागेवर पडणाऱ्या प्रकाशाचं माप) आणि सेल्फ-सर्व्हिस जेवणाच्या जागेला २०० लक्स आहेत. वाढपाच्या काउंटरवर सीआरआय ९० चे दिवे मागा; सीआरआय म्हणजे दिव्याखाली रंग किती खरे दिसतात त्याचा १०० पैकी आकडा. अन्नाचा लालसर रंग फिका दिसला तर ताजं जेवणही शिळं वाटतं. अन्नावरचे दिवे न फुटणाऱ्या कव्हरचे हवेत, वाफेच्या जागी आयपी६५, म्हणजे धूळ आणि पाण्याचे फवारे आत न जाऊ देणारे.

काम सोपवण्याआधी प्रत्येक एमसीबीवर जागेचं नाव लिहा, 'सर्किट ७' नको, 'भांडी घासायची बाजू' लिहा. रात्री फ्यूज गेला की बॅटरी घेऊन डीबीपाशी जाणाऱ्या माणसाकडे तुमचं ड्रॉइंग नसतं.