वर्गात बसल्या बसल्या हरवणाऱ्या पोराला धड्यात परत कसं आणायचं

एडीएचडी, म्हणजे लक्ष टिकवणं किंवा एका जागी थांबणं जड जाण्याची अडचण, म्हटलं की लोकांना वर्गभर उड्या मारणारं पोरगं आठवतं. पण यातला एक प्रकार अगदी गप्प असतो, पोर जागेवर बसलेलं, वही उघडी, पेन्सिल हातात आणि मन भलतीकडेच. कुणाला त्रास नाही म्हणून लक्षातच येत नाही, मुलींच्या बाबतीत तर जास्तच. मग आळशी, वेंधळा अशी नावं पडतात.

सगळ्यात आधी "लक्ष दे" म्हणणं सोडा. त्यातून नेमकं काय करायचं ते पोराला कळत नाही. त्यापेक्षा "पान 12 उघड" म्हणा, उघडलं की मग पुढचं. आपण एका दमात "वही काढा, तारीख टाका, समास आखा आणि तिसरं गणित सोडवा" म्हणून मोकळे होतो, पण हे पोर वही शोधेपर्यंत बाकीचं सगळं डोक्यातून गेलेलं असतं, कारण वर्किंग मेमरी, म्हणजे काम करता करता गोष्टी डोक्यात धरून ठेवणं, या मुलांना बऱ्याचदा जड जातं. मुद्दाम नाही करत हो. म्हणून जे डोक्यात टिकत नाही ते डोळ्यासमोर ठेवायचं: बाकावर छोटं कार्ड, त्यावर तीनच पायऱ्या, वाचता येत नसेल तर चित्रं, झालं की टिक.

सांगताना जवळ जा, नाव घ्या, नजर वळली की मगच बोला. "कळलं का?" विचारू नका, त्याला उत्तर कायम "हो"च येतं. "आता काय करणार आहेस?" विचारा.

जागा पुढची, दार-खिडकीपासून लांब. पण पुढे बसवून दर दोन मिनिटांनी सगळ्यांसमोर नाव पुकारलं तर काय उपयोग? दोघांत एक खूण ठरवा, जाता जाता बाकावर बोट टेकवलं तरी पुरतं.

वर्कशीट घडी घालून द्या, दोनच प्रश्न दिसतील अशी. वाळूचं घड्याळ ठेवा, 5 मिनिटांपासून सुरू करा (शर्यत लावू नका, घाईत चुकाच वाढतात), मग वह्या वाटायला उठवा. अपुरं काम पूर्ण करायला मधली सुट्टी मात्र कापू नका, हलणं-फिरणं या मुलांना हवंच असतं.

कौतुक तिथल्या तिथे. "आठवडाभर नीट राहिलास तर" हे फार लांबचं झालं. "भरकटला होतास पण स्वतःहून परत आलास" असं नेमकं बोला. रोज एका कागदावर दोन-तीन गोष्टी, शिक्षकांची टिक, आणि घरी त्याच दिवशी छोटंसं बक्षीस, हे बऱ्यापैकी चालतं.

आणि हो, डोळे, कान तपासून घ्या, झोपही बघा, 6 ते 12 वर्षांच्या मुलांना 9 ते 12 तास लागते. पोर काही सेकंद एकटक बघत थिजतं, हाक मारून हात लावूनही भानावर येत नाही, असं होत असेल तर ती फिटही असू शकते, डॉक्टरांना दाखवाच. एडीएचडी आहे का याचं निदानही डॉक्टरच करतील, घरी आणि शाळेत दोन्हीकडे 6 महिने तरी लक्षणं दिसतायत का ते बघून. 6 वर्षांखालच्या मुलांसाठी बहुतेक वेळा गोळ्यांआधी आईबाबांनाच पोराला कसं हाताळायचं याचं ट्रेनिंग घ्यायला सांगतात. याचा काही पालकांना राग येतो, पण तुमचं चुकलं म्हणून ते सांगत नाहीत, पोरासोबत दिवसभर तुम्हीच असता म्हणून सांगतात.